दिवेवालीचा मामा

बाइंडिंगखान्यातल्या उंच स्टुलावर बसायचा मान जिला मिळाला होता, तिला कागदाची घडी सरळ घालता येत नव्हती. मान मिळाला होता तो त्यामुळेच.

छापखान्यातून भलामोठा कागद येतो. त्याच्या घड्या घालत गेलं की सोळा पानांची एक चवड होते, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे क्रमाने जुळवले, शिवले, खळ लावून पुठ्ठ्यात बसवले की झालं पुस्तक. ऐकायला सोपं आहे. पण हिची घडी दर वेळी एका अंगाला जायची, रुसलेल्या पाहुणीसारखी. मालकांनी आधी समजावून सांगितलं, मग ओरडून सांगितलं, मग तिला खळीच्या पातेल्यापाशी बसवलं. तिथे तिने स्वतःचं कोपर एका पुठ्ठ्याला असं काही चिकटवलं की पुठ्ठा कापून काढावा लागला.

"बाई, तुला येतं तरी काय?" मालकांनी कपाळाला हात लावून विचारलं.

"वाचता येतं," ती म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

मालक तसा डोकेबाज माणूस. त्याचा अनुभव असा की बायका बोलायला लागल्या की हात थांबतात, आणि ऐकायला लागल्या की हात आपोआप चालतात. तेव्हापासून ती 'वाचणारी' झाली. जे पुस्तक बांधायला येईल त्याचा एकेक फर्मा स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचा. फर्म्याच्या कडा अजून कापलेल्या नसतात, पानं एकमेकांत जोडलेली असतात. त्यामुळे दर थोड्या वेळाने पितळी पट्टी घालून पान मोकळं करावं लागायचं. त्याचा 'खर्रर्र' असा आवाज यायचा, आणि तो आला की बायका पुढे सरसावून बसायच्या. आता पुढचं कळणार!

मात्र नशिबाने पुस्तकं यायची ती अशी: मूळव्याध आणि आपण. विमा सल्लागाराचे मित्र. कुक्कुटपालनाचा वार्षिक अहवाल. या अहवालातल्या कोंबड्यांच्या साथीवर शिलाईवाली दोन दिवस रडत होती, यावरून तिथल्या मनोरंजनाची कल्पना यावी.

वाचणारीला या नोकरीत आणलं होतं तिच्या सासूबाईंनी. सासूबाई जुळणीच्या टेबलाच्या प्रमुख. फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडायचे, एकेक उचलत टेबलाभोवती फिरायचं, आणि पुस्तक क्रमाने जुळवायचं. इतक्या वर्षांत त्यांचा एक फर्मा इकडचा तिकडे झाला नव्हता. मालकसुद्धा त्यांच्या टेबलापाशी आवाज उतरवून बोलायचे.

सासूबाई पूर्वी बोलायच्या. मग सासरे गेले. सासरे तसे चांगले होते, फक्त जन्मभर बायकोला "तू गप्प बस" म्हणत आले. ते गेले आणि त्या खरंच गप्प बसल्या. घरात "हो", "नको" आणि "दिवा मालव" एवढंच. सून स्वयंपाकघरात एकटीच बोलायची, भांड्यांशी. भांडी तरी आपटली की उत्तर द्यायची.

आणि अशात एक दिवस ती कादंबरी आली.

लिहिणारे होते भूमितीचे निवृत्त मास्तर. गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची. तटबंदीचं शहर, आत राजवाडा, आणि तटाला टेकून एका वैदिणीचं घर. वैदीण हाताची गुणी. लेकरांचा खोकला, म्हाताऱ्यांचे सांधे, बाळंतिणींचं दुखणं, सगळं बरं करायची. आणि अधूनमधून, माणूस फारच वाईट निघाला, तर त्याला कायमचा बरा करायची. शहराचा कोतवाल हुशार, त्याला संशय आलेला. पण त्याचे गुडघे दुखायचे आणि गुडघ्यांना लावायचं तेल फक्त तिच्याकडे मिळायचं. त्यामुळे तपास आणि तेल दोन्ही एकाच उंबऱ्यावर चालायचं.

पहिल्या दोन फर्म्यांत बायका नुसत्या ऐकत होत्या. तिसऱ्यात वैदिणीने धान्याच्या कोठारावरच्या अधिकाऱ्याला काढा दिला. हा माणूस दुष्काळात पिठात वाळू मिसळायचा. सकाळी तो उठला नाही.

"बरं केलं," कुणीतरी म्हणालं.

वाचणारीने मान वर केली. जुळणीच्या टेबलापाशी सासूबाई उभ्या होत्या, हातात फर्मा तसाच. सगळा बाइंडिंगखाना त्यांच्याकडे बघत होता. शिलाईवालीची सुई अर्ध्या टाक्यात थांबली.

"काय बघताय?" सासूबाई म्हणाल्या. "वाळू घातली होती ना त्याने? मग!"

त्या संध्याकाळी घरी भाजी निवडताना सासूबाईंनी आपण होऊन विचारलं, "काय गं, त्या कोतवालाला खरंच कळलं असेल?"

सुनेच्या हातातली भाजी खाली पडली. कोतवालाला कळलं होतं की नाही ते तिलाही माहीत नव्हतं, पण तिने उत्तर इतकं लांबवलं की भाजी, कणीक, वाढणं, जेवण, सगळं त्यातच उरकलं. सासूबाई मध्येमध्ये "छे" आणि "तुला काय कळतंय" म्हणत होत्या. "तुला काय कळतंय" हे शब्द एखाद्या सुनेला इतके गोड लागल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

पाचव्या फर्म्यात वैदिणीने स्वतःच्या नवऱ्यालाच कायमचं बरं केलं. बाहेर मधासारखा, घरात हात पिरगाळणारा असा तो माणूस होता. खळवालीने डोळ्यांवर पदर घेतला. ही खळवाली म्हणजे खळीच्या पातेल्यापाशी बसणारी, जिभेवरही कायम खळ असल्यासारखी चिकट बोलणारी बाई. "अगं बाई, स्वतःचा नवरा!" ती म्हणाली.

"उशीरच केला तिने," सासूबाई म्हणाल्या.

ही बातमी वाचणारीने हौसेने नवऱ्याला सांगितली. तो वजनकाटे दुरुस्त करायचा. त्याचं सगळंच तोलूनमापून. त्याने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, मग समोरच्या चहाकडे बघितलं.

"आई, हा चहा कोणी केला?"

"मी केला. का रे?"

"काही नाही. तूही घे ना थोडा यातला. आधी."

घरात असं रोज काहीतरी चालू झालं. सासूबाई वैदिणीबद्दल अशा बोलायच्या, जशी ती पलीकडच्या गल्लीत राहते. "ती आज थकली असेल गं." "तिने त्या कोतवालाला जास्त चढवून ठेवू नये." राजवाड्यात दिवे लावणारी एक अनाथ पोर वैदिणीला मावशी म्हणायची, तिच्याकडे रात्रीची भाकरी खायला यायची. सासूबाईंना त्या दिवेवालीचंही कोण कौतुक. "जीव लावते हो पोरीला. हाताला गुण असतो तो मनात असल्याशिवाय येत नाही." सून म्हणायची, "पण आई, ती माणसं मारते." त्यावर सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "माणसाला एखादी खोड असायचीच."

मग अकरावा फर्मा आला.

जेवणाच्या सुट्टीत वाचणारीला राहवलं नाही. सासूबाईंनी सकाळीच विचारलं होतं, "आज ती सापडत तर नाही ना?" त्या इतक्या काळजीत होत्या की आधी बघून घ्यावं आणि डबा खाताना हळूच सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पट्टी घातली असती तर आवाज झाला असता. म्हणून तिने फर्मा पिशवीसारखा फुगवला आणि आत डोकावून, मान वाकडी करून, जमेल तेवढं वाचलं.

जमेल तेवढं पुरेसं होतं.

राजाच्या मेहुण्याचा मुडदा सापडला होता आणि कोतवाल या खेपेला तेल न मागता आला होता. त्याने विचारलं, "काढा कोणी नेला?" वैदिणीने एक क्षण विचार केला. मग म्हणाली, "दिवेवालीने." बस्स, एवढंच. पोरीला राजवाड्यातून धरून नेलं. वैदीण खिडकीत उभी राहून बघत होती. पोरीने जाताना वर मान करून खिडकीकडे बघितलं. काढा मावशीनेच दिला होता, तिला माहीत होतं. पण ती काही बोलली नाही. आणि खिडकीतलीही बोलली नाही.

वाचणारीने फर्म्यातून डोकं काढलं. समोर सासूबाई डबा उघडून बसल्या होत्या, आणि तिच्यासाठी झाकणात भाजी काढून ठेवली होती. सासरे गेल्यापासून पहिल्यांदाच.

"काय गं, पांढरी पडलीस?"

"भूक लागली," ती म्हणाली.

सुट्टी संपली. ती स्टुलावर चढली. फर्मा उघडला. सगळ्या जणी वाट बघत होत्या. तिने घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा, पुस्तक हातात धरून, पुस्तकात नसलेलं वाचायला लागली.

तिच्या वैदिणीने कोतवालाला सांगितलं की काढा कोणी नेला ते मला ठाऊक नाही, पण माझी पोर निर्दोष आहे, तिला हात लावाल तर याद राखा. मग तिने दिवेवालीला कुशीत घेतलं, "माझ्यामुळे तुला त्रास झाला, मला क्षमा कर बाळ" असं म्हटलं, आणि सुरक्षित राहावी म्हणून तिला तिच्या मामाकडे पाठवून दिलं.

शिलाईवाली हमसून रडली. खळवाली म्हणाली, "मन मोठं हो बाईचं." सासूबाईंनी हातातला फर्मा खाली ठेवला. नुसत्या बघत राहिल्या सुनेकडे. तिला वाटलं, गहिवरल्या असतील.

एक खोटं बोललं की त्याला दूधपाणी घालून वाढवावं लागतं. खऱ्या पुस्तकात दिवेवाली आता अंधारकोठडीत होती आणि मास्तरांनी, भूमितीचेच ते, कोठडीचा एकही कोपरा वर्णन करायचा सोडला नव्हता. वाचणारी घाम पुसत वाचायची. कोठडीच्या जागी मामाचं घर. पहारेकऱ्याच्या जागी मामा. बेड्यांच्या जागी बांगड्या.

"मामाच्या घरात उंदीर फार दिसतात," शिलाईवाली म्हणाली.

"जुनं घर आहे," वाचणारी म्हणाली.

"आणि हा मामा बाहेरून कुलूप का लावतो?"

"गावात चोर आहेत."

"आणि पोरीला भाकरी दाराखालून सरकवतो?"

"लाजाळू आहे तो."

"मेल्याला मामी नाही का?" खळवालीने विचारलं. "मामी असती तर दाराखालून भाकरी सरकवू दिली नसती. मला हा मामाच संशयी वाटतो. खून त्यानेच केला असणार, बघा तुम्ही."

दोन दिवसांत सगळा बाइंडिंगखाना मामाच्या मागे लागला. मालक हिशेबाच्या खोलीतून मुद्दाम येऊन म्हणाले, "मामाला धरला की नाही अजून?" तरी सासूबाई गप्पच. घरी मात्र बोलायच्या, पण आता वैदिणीबद्दल नाही. भाजीबद्दल, पाण्याबद्दल. सुनेला वाटायचं, दिवेवाली मामाकडे गेल्यामुळे करमत नसेल.

शेवटच्या फर्म्यात वैदीण ढसाढसा रडत होती. का, ते वाचणारीला दिसत होतं, पण सांगता येत नव्हतं. "काढ्याचा धूर डोळ्यांत गेला," तिने वाचलं. कोतवालाला तेल मिळालं, त्याचे गुडघे बरे झाले, पुस्तक संपलं.

"एवढी पट्टीची वैदीण, तिला धुराची सवय नाही?" खळवाली कुरकुरली. पण मग जुळणी सुरू झाली, शिलाई झाली, पुठ्ठे चढले, आणि स्टुलावर घरगुती विजेची काटकसर हे पुस्तक आलं. वाचणारीने देवाचे आभार मानले. बांधलेलं पुस्तक बाइंडिंगखान्यातलं कुणी पुन्हा उघडत नाही. हलवाई मिठाई खात नाही, तसंच ते.

दोन नमुना प्रती मास्तरांच्या घरी गेल्या. बाकीची चवड भिंतीला लागून गाडीची वाट बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी दारात मास्तर उभे राहिले. हातात एक पुस्तक, बगलेत तेच पुस्तक. किडकिडीत बांधा, डोळ्यांत पाणी की घाम ते कळत नव्हतं.

"सोळा पानं नाहीत," ते म्हणाले.

मालक धावले. "मास्तर, बसा तर आधी. कुठली पानं?"

"अकरावा फर्मा. सबंध. दोन्ही प्रतींत. मला समजलंच नाही, मी दोन दिवस नुसतं मुखपृष्ठच बघत होतो. हिने वाचलं. म्हणजे माझ्या पत्नीने. म्हणाली, बाकी बरं आहे, पण ती बाई शेवटी रडते कशाला आणि ती दिवेवाली कोठडीत कधी गेली, ते काही कळलं नाही."

"कोठडीत?" शिलाईवाली म्हणाली. "अहो, ती मामाकडे आहे."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "कोण मामा?"

"दिवेवालीचा मामा! बाहेरून कुलूप लावतो तो. लाजाळू."

"माझ्या पुस्तकात मामा नाही," मास्तर हळू आवाजात म्हणाले. त्या माणसाला एकदम स्वतःच्याच पुस्तकाबद्दल शंका आली असावी, कारण त्यांनी बगलेतली प्रत उघडून चाळायला घेतली.

मग एकेक मान स्टुलाकडे वळली. वाचणारीला वाटलं, आपणही घडी घालून कुठेतरी सरकवले गेलो तर बरं.

मालकांनी भिंतीजवळच्या चवडीतून भराभर पाच-सहा पुस्तकं उघडून बघितली. कशातच अकरावा नव्हता. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "फर्मा आधी तुझ्या हातात येतो. गोष्ट तू बदललीस. म्हणजे उघडकीला येऊ नये म्हणून गठ्ठापण तूच दडवलास."

"गोष्ट मी बदलली," ती म्हणाली. "पण गठ्ठ्याला मी हात नाही लावला."

"मग काय तो मामाकडे गेला?"

कुणी हसलं नाही. तिने सवयीने सासूबाईंकडे बघितलं. आणखी कुणाकडे बघणार? सासूबाई टेबलावरचे कागद सारखे करत होत्या. कागद आधीच सारखे होते. या टेबलावरून आजवर एक फर्मा हरवला नव्हता, आणि सबंध गठ्ठा गेलेला त्यांना दिसला नसेल, हे शक्यच नव्हतं.

सुनेला कळलं. कळलं आणि ती तोंड मिटून बसली. आता हे बोललं, तर घरात पुन्हा "हो", "नको" आणि "दिवा मालव". त्यापेक्षा खळीचं पातेलं परवडलं. कोपर चिकटलं तर चिकटलं.

"उद्यापासून स्टूल बंद," मालक म्हणाले. "तू खळीवर. आणि गठ्ठा सापडला नाही, तर सोळा पानं पुन्हा छापायची आणि तुझी इथून सुट्टी."

"थांबा हो," मास्तर मध्येच म्हणाले. त्यांचा राग कुठे गेला होता कोण जाणे. "मला एक सांगा. तुम्ही का बदललंत? वाईट लिहिलंय का मी?"

"नाही," ती म्हणाली. "चांगलं लिहिलंय. म्हणूनच वाचवेना."

"तिने काय केलं असं?" खळवालीचा धीर सुटला. "आमच्या वैदिणीने?"

"तुमच्या?" मास्तर म्हणाले. "बाई, ती खुनी आहे! लोकांना तिटकारा यावा म्हणून पहिल्या पानापासून सारखे हात धुवायला लावलेत मी तिला."

"आम्हाला वाटलं, बाई स्वच्छ आहे," शिलाईवाली म्हणाली.

मास्तर खाली बसले. मग त्यांनी पिशवीतून अकराव्या फर्म्याचे छापखान्यातून तपासायला आलेले जुने चुरगळलेले कच्चे छापील कागद काढले आणि स्टुलाकडे धरले. "एवढं तरी वाचा. खरं. यांनी ऐकायला नको का?"

तिने मालकांकडे बघितलं. मालकांनी हात उडवला. त्यांनाही ऐकायचं होतं, नाही म्हणायला तोंड नव्हतं.

ती वाचायला लागली. या वेळी तिने काही गाळलं नाही. कोतवाल आला, तेल मागितलं नाही, "काढा कोणी नेला?" विचारलं. आणि वैदीण म्हणाली, "दिवेवालीने."

"अगं भवाने!" शिलाईवाली ओरडली.

"शिरा ताणू नकोस, ऐक," खळवाली म्हणाली, पण तिचाही आवाज फाटला होता.

वाचणारी वाचत राहिली. पोरीला नेलं. अंगणातले अर्धे दिवे लावायचे तसेच राहिले. वैदीण खिडकीत. पोरीने वर बघितलं. "तिला ठाऊक होतं," वाचणारीने वाचलं, "आणि ती बोलली नाही. तिच्या गप्प राहण्याने खिडकीतल्या बाईचे ओठ शिवल्यासारखे..."

"बास," सासूबाई म्हणाल्या.

वाचणारी थांबली.

"गठ्ठा माझ्या टेबलाखाली आहे. कोंबड्यांच्या अहवालाच्या रद्दीमागे. मी ठेवलाय."

मालकांचं तोंड उघडं राहिलं. हिशेबाच्या खोलीतलं घड्याळ वाजलं, तेही चुकून वाजल्यासारखं.

"तुम्ही?" मालक म्हणाले. "तुमच्या हातून चूक..."

"चूक नाही झाली. चूक होते का माझ्या हातून?" सासूबाईंना या आरोपाचा मात्र खरा राग आला. "हिने वाचलं त्या दिवशीच मला संशय आला. घरी जायच्या वेळी गठ्ठ्यातला एक फर्मा फाडून वाचला. आणि डोकंच फिरलं माझं. इतका जीव लावला त्या बाईला, आणि तिने असं करावं? म्हटलं, मी माझ्या हाताने हे पुस्तकात घालणार नाही. कुणी दुसऱ्याने घालायचं तर घाला."

"अहो पण, पुस्तक माझं आहे," मास्तर क्षीणपणे म्हणाले.

"पुस्तक तुमचं असेल. बाई आमची होती." त्या थोडं थांबल्या. मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "आत्ता मालक हिला बोलत होते, तेव्हा मी कागद सारखे करत होते. बोलायचं होतं. तोंड उघडत नव्हतं. म्हटलं, आणखी थोडं थांबू, बघू काय होतंय. गप्प बसायला काही करावंच लागत नाही हो. आपोआप होतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "ती खिडकीतली... ती वाईट नव्हती. तिने उशीर केला. मीपण करणारच होते."

मास्तर उठले आणि त्यांनी काय करावं? हातातली प्रत जुळणीच्या टेबलावर ठेवून सासूबाईंना नमस्कार केला. बहुधा भूमितीत असं प्रमेय पूर्वी त्यांना भेटलं नसावं.

"मग पुढे?" शिलाईवालीने विचारलं. "तशीच राहिली का पोर कोठडीत?"

"शेवटी वैदीण कोतवालाकडे जाऊन सगळं कबूल करते," वाचणारी म्हणाली. "पोर सुटते. म्हणून ती रडते. धूर नव्हता तो."

"मला वाटलंच होतं," खळवाली म्हणाली.

मालकांनी चवडीकडे बघितलं आणि मन घट्ट करून हुकूम सोडला: सगळी पुस्तकं पुठ्ठ्यातून काढायची, शिलाई उसवायची, अकरावा घालून पुन्हा शिवायची. गठ्ठा रद्दीमागून बाहेर आला. बायका बसल्या. उसवायचं काम म्हणजे वैताग, पण कुणी कुरकुर केली नाही, कारण स्टूल जागच्या जागी होतं आणि मालक ते न्यायचं विसरले होते. मुद्दाम विसरले असतील, त्यांच्याबद्दल सांगता येत नाही. अकराव्यापासून पुन्हा वाचन सुरू झालं, या वेळी खर्रर्र आवाजासकट. कोठडीतले उंदीर कोठडीत परत गेले. मामाचं नाव निघेना. फक्त शिलाईवाली एकदा म्हणाली, "तरी मामा बरा होता बिचारा," आणि दोघी-तिघींनी मान हलवली.

भांडण मात्र जोरात लागलं. खळवालीचं म्हणणं, अशा बाईचं तोंड पाहू नये. शिलाईवालीचं म्हणणं, कबूल केलं ना शेवटी. आणि कोणत्याच बाजूची बाई वैदिणीला सोडून द्यायला तयार नव्हती. शिव्या देत होत्या, पण घरातल्या माणसाला देतात तशा. मास्तर कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले होते. मध्येच एकदा त्यांनी आपलं मत मांडायचा प्रयत्न केला, तर खळवाली म्हणाली, "तुम्ही थांबा हो, तुम्हाला ती नीट माहीत नाही."

शेवटच्या फर्म्यात दिवेवाली सुटून आली. वैदिणीच्या दारात उभी राहिली, भाकरी घेतली, खाल्ली. पण पुन्हा तिला मावशी म्हणाली नाही.

त्या संध्याकाळी घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या. सून समोर.

"तुझी गोष्ट मला त्याच दिवशी कळली होती," सासूबाई एकदम म्हणाल्या.

"कशी?"

"फर्मा फाडल्याचा आवाजच आला नाही. पहिल्या पानावरून हललीच नाहीस तू. आणि त्या सबंध पुस्तकात कुणी कुणाची क्षमा मागत नाही. एकदम 'मला क्षमा कर बाळ' कुठून आलं? तुझी माणसं फार गोड बोलतात. माणसं अशी नसतात."

"तुम्ही गप्प झाला असतात, म्हणून बदललं मी," सून म्हणाली. "परत."

सासूबाईंनी एक शेंग मोडली. मग दुसरी.

"ती पोर पुन्हा मावशी का म्हणत नाही गं?"

"तसं लिहिलंय मास्तरांनी."

"लिहिलंय ते ऐकलं मी. तू असतीस तर? तुझ्यावर येऊ दिलं असतं कुणी, आणि मग बोललं असतं, उशिरा?"

"आई, हातातली शेंग किडकी आहे, टाका ती," सून म्हणाली.

सासूबाईंनी शेंग टाकली. मग पूर्वीसारखाच आलेला 'आई' हा शब्द त्यांच्या लक्षात आला असावा, कारण त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. सुनेने साखर घातली, त्यांनी दूध घातलं, दोघींनी एकमेकींना "जास्त झालं" म्हणून सांगितलं, आणि मग कोतवालाला पहिल्यापासून सगळं माहीत होतं की नव्हतं, यावर दोघी अशा जुंपल्या की दारात कुणी आलेलं कळलं नाही.

वजनकाटेवाला चपला काढून आत आला. समोर कप होता.

"हा चहा कोणी केला?"

"दोघींनी मिळून," सासूबाई म्हणाल्या.

त्याने कप उचलला, आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि तसाच हळूच खाली ठेवला.